पंचायतीत माहितीचा अर्ज: पाय घसरतो तो इथे

गोव्यात गावातल्या लोकांचे माहिती हक्काचे अर्ज मी बरीच वर्षे लिहून देतोय. फेटाळलेले अर्ज माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांत खोट एकच असते. कागद मागितलेला नसतो, जाब विचारलेला असतो. "आमच्या वाड्यावरचं गटार अजून का बांधलं नाही?" यावर पंचायत सचिव 'ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही' एवढे लिहून मोकळा होतो, आणि कायद्याने तो चुकलेला नसतो. 2005 चा माहिती हक्क कायदा दप्तरात आहे तेवढेच देतो. म्हणून असे लिहा: "प्रभाग 3 मधील गटाराच्या कामाचे अंदाजपत्रक, ग्रामसभेचा ठराव, कामाचा आदेश आणि अदा केलेली बिले, एप्रिल 2021 ते मार्च 2024, यांच्या प्रती." काम पंचायतीचे नसून सार्वजनिक बांधकाम खात्याचे निघाले तर अर्ज परत करता येत नाही. कलम 6(3) प्रमाणे तो पाच दिवसांत तिकडे पाठवणे त्यांचे काम आहे.

अर्ज मराठीत चालतो. साधा कागद, 10 रुपये शुल्क रोख किंवा कोर्ट फी स्टॅम्पने, रोख भरल्यास पावती. दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखला जोडा, शुल्क नाही. कशासाठी हवे, हे विचारायचा हक्क कोणाला नाही, तरी काउंटरवर विचारतातच! हसून टाळा.

आता गोव्याची खास अडचण. हा हक्क फक्त भारतीय नागरिकाला आहे. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला मुलगा लंडनहून वडिलोपार्जित घराच्या घरपट्टीची नोंद मागतो आणि अर्ज तिथेच पडतो. ओसीआय कार्डाने, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या कार्डाने, नागरिकत्व येत नाही. इथे राहणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या बहिणीने वा भावाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने अर्ज करावा. आणि एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा, उतारा पंचायतीत शोधू नका, तो महसूल खात्याचा कागद.

शेजाऱ्याच्या बांधकाम परवान्याची फाईल मागितली तर सचिव कलम 11 खाली त्याला नोटीस काढू शकतो आणि उत्तराची मुदत 30 ऐवजी 40 दिवसांवर जाते. शेजाऱ्याने हरकत घेतली म्हणजे नकारच, असे मात्र नाही. निर्णय सचिवाने कारण देऊन घ्यायचा असतो.

"फाईल सापडत नाही" हे उत्तर तर ठरलेलेच. नकाराची कारणे कायद्यात मोजकी आहेत, त्यांत हे नाही. तोंडी ऐकून घरी येऊ नका, लेखी मागा. शिवाय आवक-जावक नोंदवही आणि ठरावाचे पुस्तक पाहण्याचा अर्ज वेगळा द्या. फाईल हरवली तरी तिचा नंबर बहुधा नोंदवहीत उरलेला असतो.

सगळ्यात जास्त लोक बुडतात ते तारखांत. उत्तराची मुदत 30 दिवस. मध्येच "12 पानांचे 24 रुपये भरा" असे पत्र येते. लोक ते पाकीट नोटीस समजून पोस्टमनकडून घेतच नाहीत. पत्र निघाले की मुदत थांबते आणि तुम्ही पैसे भरल्यावरच पुढे सरकते. उलट, मुदत टळून गेल्यावर पैसे मागितले तर भरू नका, कलम 7(6) प्रमाणे प्रती फुकट मिळतात.

30 दिवसांत काहीच आले नाही तर तो नकार समजायचा आणि पुढच्या 30 दिवसांत गटविकास अधिकाऱ्याकडे पहिले अपील टाकायचे. "उद्या या, सचिव रजेवर" यात दोन महिने घालवून आलेली माणसे मी पाहिली आहेत. उशिराचे योग्य कारण असेल तर अपील घेता येते, पण त्यासाठी विनवणी करावी लागते. तिथेही काम झाले नाही तर 90 दिवसांत पणजीला राज्य माहिती आयोग. आयोग सचिवाला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड करू शकतो.

आणि अर्ज देताच आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तारीख पुसट उमटली असेल तर तिथेच उभे राहून पुन्हा मारून घ्या, सगळे दिवस त्याच तारखेपासून मोजायचे आहेत.