मोटारसायकल निलंबन : चालकाच्या वजनानुसार जुळणी

चालक बसला की मोटारसायकलच्या पुढच्या-मागच्या स्प्रिंगा दबतात आणि गाडी काही मिलिमीटर खाली बसते. या बसण्याला ‘सॅग’ म्हणतात. सॅग चाकाच्या एकूण चालीच्या (वर-खाली हलण्याच्या अंतराच्या) ठरावीक हिश्श्यात आणणे म्हणजे वजनानुसार निलंबनाची (सस्पेन्शनची) जुळणी. परिभाषेतल्या धक्काशोषकाला मुंबईच्या गॅरेजांत ‘शॉकअप’ आणि मागचे चाक धरून वर-खाली होणाऱ्या दुबाहूला ‘चिमटा’ म्हणतात; पुढे तेच शब्द वापरले आहेत.

गाडी मुळीच बसू नये, ही अपेक्षा चुकीची आहे. चाकाला उंचवट्यावर वर जावे लागते तसे खड्ड्यात खालीही उतरावे लागते, आणि उतरायची ती जागा सॅगमुळेच मिळते. रस्त्यावरच्या गाडीत चालकासह सॅग चालीच्या सुमारे २५ ते ३३ टक्के असावा, असा संकेत आहे.

टेलिस्कोपिक फोर्कचा, म्हणजे पुढचे चाक पेलणाऱ्या सरकत्या नळ्यांच्या जोडीचा, मान कोणाचा, यावर एकमत नाही. ब्रिटनच्या स्कॉट मोटारसायकलला १९०८ च्या सुमारास सरकत्या नळ्यांचा फोर्क होता, पण त्याला तेलाचे अवमंदन, म्हणजे उसळी आवरण्याची सोय, नव्हते. डेन्मार्कच्या निम्बसने १९३४ मध्ये विक्रीच्या गाडीवर आणलेला फोर्कही सुरुवातीला अवमंदनाविनाच होता. बीएमडब्ल्यूच्या आर १२ मध्ये (१९३५) ते काम तेलाकडे आले. नुसती रचना पाहिली तर स्कॉटचा दावा आधीचा ठरतो. मात्र भार पेलणे स्प्रिंगचे आणि उसळी आवरणे तेलाचे, ही विभागणीच जुळणीचा पाया असल्याने आर १२ पासून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते. मागच्या बाजूला अमेरिकेच्या ‘इंडियन’ने १९१३ मध्ये पाटा-स्प्रिंग दिली होती, तरी पुढे कित्येक वर्षे बहुतेक गाड्या मागून कडकच राहिल्या. रॉयल एनफील्ड बुलेटला १९४८-४९ च्या सुमारास चिमटा व दोन शॉकअप मिळाले. भारतात हीच मांडणी रूढ झाली. एका शॉकअपची मांडणी यामाहाने ल्युसियाँ टिल्केन्स या बेल्जियन अभियंत्याच्या कल्पनेवरून घेतली आणि १९७३ मध्ये हाकन अँडरसन यांनी तिच्यावर २५० सीसी मोटोक्रॉसचे (खडबडीत मातीच्या मार्गावरच्या शर्यतीचे) जगज्जेतेपद मिळवले. त्या दशकात मोटोक्रॉस गाड्यांच्या चाकांची चाल झपाट्याने वाढली. सॅग मोजण्याची शिस्त तिथेच रुजून नंतर रस्त्यावरच्या गाड्यांकडे आली असावी.

जुळणीतला सर्वांत मोठा गैरसमज प्रीलोडबद्दल, म्हणजे शॉकअपवरच्या रिंगेने स्प्रिंगला आधीच दिलेल्या दाबाबद्दल, आहे. रिंग फिरवली की ‘शॉकअप कडक झाला’ असे म्हणतात. प्रत्यक्षात स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, गाडीची उंची बदलते. समजा, स्प्रिंग मिलिमीटरला ९ किलो भार घेते आणि तिला १० मिमी प्रीलोड आहे. ९० किलो भार येईपर्यंत ती हलणार नाही. त्यानंतर दर ९ किलोला एक मिमी दबेल. प्रीलोड १५ मिमी केला तर सुरुवात १३५ किलोला होईल, पण पुढचा हिशेब दर ९ किलोला एक मिमी हाच राहील.

मोजणीआधी टायरमधली हवा माहितीपुस्तिकेप्रमाणे भरावी आणि टाकी अर्धी ठेवावी. १३ लिटर पेट्रोलचेच वजन सुमारे १० किलो भरते. चालकाने हेल्मेट, बूट आणि रोजची पाठपिशवी यांसह बसावे. मागच्या चाकाच्या आसापासून सरळ वर, सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टीची खूण करावी. मेन स्टँडवर मागचे चाक लोंबकळत असताना आस ते खूण हे अंतर घ्यावे : समजा ५६० मिमी. गाडी स्टँडवरून उतरवून, दोन-तीनदा दाबून, रिकामी उभी धरून पुन्हा घ्यावे : ५४८. मग चालकाने पाय फुटरेस्टवर ठेवून बसावे, एकाने हँडल धरावे, दुसऱ्याने मोजावे. हे माप दोनदा घेतात : गाडी खाली दाबून हळू सोडल्यावर ५२०, वर उचलून हळू सोडल्यावर ५२८; सरासरी ५२४. रिकामा सॅग १२ आणि चालकासह ३६ मिमी. चाल १२० मिमी असेल तर हे ३० टक्के होतात, म्हणजे जुळणी बरोबर आहे. दाबून आणि उचलून घेतलेल्या मापांत १० मिमीपेक्षा जास्त फरक आला तर आधी घर्षण शोधावे; चिमट्याचे बुश किंवा लिंकेजचे (चिमटा आणि शॉकअप जोडणाऱ्या दांड्यांचे) बेअरिंग सुकलेले असते.

दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. चालकासह ३६ मिमी आणण्यासाठी प्रीलोड इतका वाढवावा लागला की रिकामा सॅग शून्यावर आला, तर त्या वजनाला स्प्रिंग मऊ पडते. उलट चालकासह ३६ मिमी जुळले असताना रिकामी गाडीच २५ मिमी बसत असेल तर स्प्रिंग जास्त कडक आहे. दोन्ही वेळी रिंग फिरवत बसण्यात अर्थ नाही, स्प्रिंग बदलावी.

दोन शॉकअपच्या गाडीत पायऱ्यांची रिंग असते. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० ला अशा सहा पायऱ्या आहेत. चाक उचलून, रिंगेची माती ब्रशने काढून, थोडे तेल सोडून टूलकिटमधल्या हुकाच्या पान्याने ती फिरवावी. स्प्रिंग आखडते ती दिशा वाढीची. दोन्ही बाजू एकाच पायरीवर हव्यात, नाहीतर चिमट्यावर पीळ येतो. मोनोशॉकला (मागे एकच शॉकअप) आट्यांची रिंग असल्यास आधी वरची लॉक रिंग सैल करतात. आटा दीड मिमीचा आणि लिंकेजचे प्रमाण (चाक शॉकअपच्या किती पट हलते) २.५ असेल तर दोन फेऱ्यांत चाकाशी साडेसात मिमी फरक पडतो. म्हणून अर्धी फेरी, मग माप, असे जावे. रिबाउंडचा (दबलेली स्प्रिंग उलगडण्याचा वेग आवरणारा) स्क्रू असल्यास प्रीलोड वाढवल्यावर तोही थोडा आवळावा लागतो. मागून दाबून सोडल्यावर गाडी एकदाच वर येऊन थांबली पाहिजे.

मागे सॅग जास्त राहिला तर हेडलाइट वर मारतो, हँडल सुस्त होते आणि गतिरोधकावर मेन स्टँड घासतो. कमी राहिला तर ब्रेक मारताना मागचे चाक हलके पडते.

पुढे बहुतेक प्रवासी गाड्यांना समायोजक नसतो. फोर्कच्या नळीवर केबल टाय बांधून सॅग मोजतात आणि टोपीखाली ५ ते १० मिमीची नळी वा वॉशर टाकून तो कमी करतात. टोपी उघडताना पुढचे चाक अधांतरी असावे. स्प्रिंगेचा जोर टोपीवर असतो, ती शेवटच्या आट्याला उडते. तेल ठरल्यापेक्षा जास्त भरू नये, वरची हवा कोंडून सील फुटते.

वांद्रे-वरळी सागरी सेतू, पूर्व मुक्त मार्ग, किनारी रस्ता आणि अटल सेतू या चारही मार्गांवर दुचाकींना मनाई आहे. त्यामुळे मुंबईतल्या दुचाकीच्या वाट्याला पेव्हर ब्लॉक, उड्डाणपुलांचे लोखंडी सांधे आणि मॅनहोलची झाकणे जास्त येतात. इथे नेहमी दिसणारी चूक म्हणजे रविवारी डबलसीट जाण्यासाठी चढवलेली पायरी सोमवारी एकट्याने ऑफिस गाठताना तशीच राहणे. मग प्रत्येक सांध्यावर मागचे चाक टण्णकन उसळते आणि दोष रस्त्याला दिला जातो. दोन वजनांसाठी दोन पायऱ्या मोजून रिंगेवर रंगाच्या ठिपक्याने दाखवाव्यात. पायरी बदलली की चेनचा झोल आणि हेडलाइटचा झोत तपासावा. पावसाळ्यात खारी हवा आणि चिखल यांनी फोर्कच्या क्रोमवर गंजाचे टिपके धरतात व तेल गळू लागते. गळती नुकतीच सुरू झाली असेल तर धूळ-टोपी खाली सरकवून, जुन्या फोटो-फिल्मची पट्टी सीलच्या ओठाखाली घालून गोल फिरवावी. अडकलेला कण निघाला तर गळती थांबते. क्रोमच खरवडले असेल तर नवे सीलही टिकत नाही.