नादाचा लहानमोठेपणा

संगीतातला स्वर किंवा बोल किती हळू अथवा किती जोरात ऐकू येतो, तो त्याचा लहानमोठेपणा. तारता (स्वराची उंची) आणि जाती (आवाज कोणत्या वाद्याचा वा गळ्याचा हे ओळखू देणारा गुण) यांच्या जोडीने नादाचे हे तिसरे लक्षण मानतात. रोजच्या बोलण्यात मात्र गल्लत होते. ‘आवाज चढव’ म्हटले की कोणी वरच्या पट्टीत जातो, कोणी नुसता जोर लावतो. हा फरक दशावतारातल्या पायपेटीवर, म्हणजे पायाने भाता मारून वाजवायच्या पेटीवर, स्वच्छ कळतो. बोट त्याच सुरावर ठेवून पायाने भाता जोरात मारला, तर सूर तोच राहतो, फक्त मोठा होतो.

कानाचा हिशेब साध्या बेरजेचा नाही. भजनात एका झांजेच्या जागी तेवढ्याच जोराच्या १० झांजा वाजल्या, तर ध्वनीची तीव्रता १० पट होते, म्हणजे १० डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) वाढते. कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. शिवाय २,००० ते ५,००० हर्ट्‌झ (सेकंदाला तेवढी कंपने) या टप्प्यात कान सर्वांत तल्लख असतो. म्हणूनच झांज पखवाजाच्या कणीक लावलेल्या तोंडाच्या घुमाऱ्यापेक्षा सहज उठून ऐकू येते.

संगीताच्या दृष्टीने खरे मोल आहे ते या लहानमोठेपणाच्या चढउताराला. जाणता बुवा अभंगाची पहिली ओळ जवळजवळ बोलल्यासारखी मांडतो. तेव्हा झांजवाला झांजा दाबून नुसता ताल धरतो, पखवाज बंद बोलांवर राहतो. कोरस ओळ उचलतो, लय वाढते, झांजा सुटतात, खुली थाप पडते आणि गजर उभा राहतो. मग एका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सगळे थांबते आणि बुवाचा एकटा आवाज उरतो. आवाज तेवढाच असूनही आता तो जवळ आल्यासारखा वाटतो, कारण कान आधीच्या गजराशी त्याची तुलना करत असतो. पाश्चात्त्य संगीतात अशा चढउताराच्या खुणा स्वरलिपीत लिहितात. पियानोचे नावही ‘हळू आणि जोरात’ या अर्थाच्या इटालियन शब्दांवरून आले. आपल्याकडे हे गुरूजवळ बसून, ऐकून उचलायचे.

भाद्रपदात पत्र्यावर पाऊस कोसळत असला की हळू ओळी त्यात बुडतात, म्हणून माइक लागतोच. पण तो पहिल्या ओळीपासूनच पूर्ण खुला ठेवला, तर गजराला वर चढायला जागा राहत नाही. सारे भजन एकाच उंचीवर चालते आणि कान लवकर थकतो. हे नुकसान कितीही चांगल्या गळ्याला भरून काढता येत नाही.

उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. खालचे, जाड नाद हवेत कमी शोषले जातात आणि आडोशाला वळसा घालून पुढे जातात. बारीक नाद वाटेतच विरतात. शिमग्यात पालखी अजून दूर असते, तेव्हा खाडीपलीकडे फक्त ढोलाची थाप पोचते. ताशाची तडतड ऐकू येते ती पालखी वाडीच्या तोंडाशी आल्यावर.