पाऊल तेच, गोळी तीच. आजार मात्र दोन

सकाळी शाळेत नीट चालत जाणारी आठ-दहा वर्षांची मुलगी संध्याकाळी परळ स्टेशनचा पूल चढताना पाय ओढू लागते. पाऊल आत वळते, टाच टेकत नाही, आणि रात्रीची झोप झाली की चाल पुन्हा सुधारते. अशा मुलीबाबत दोन आनुवंशिक आजारांचा विचार करावा लागतो: जीसीएच-१ जनुकातील दोषाने होणारा सेगावा डिस्टोनिया (स्नायू आपोआप आखडून अवयव वळवणारा आजार) आणि पार्किन जनुकातील दोषामुळे कोवळ्या वयातच सुरू होणारा कंपवात (पार्किन्सन). दोन्हींत एमआरआय बहुधा निर्दोष येतो आणि लेव्होडोपा या गोळीने, जिचे मेंदूत डोपामिन बनते, दोन्ही रुग्ण सुधारतात. म्हणूनच केवळ गोळी लागू पडली एवढ्यावरून निदान पक्के करणे मला धोक्याचे वाटते.

सेगावा आजारात डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारे मेंदूतील रसायन, बनवणाऱ्या पेशी आणि त्यांची टोके शाबूत असतात. कमी पडतो तो डोपामिन बनवण्याच्या साखळीतील टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकराला (एन्झाइमला) लागणारा टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हा सहघटक. पार्किनच्या आजारात मात्र त्या पेशीच नष्ट होत जातात. ट्रोडॅट स्कॅन (किरणोत्सारी टेक्नेशियम असलेला पदार्थ टोचून काढलेले मेंदूचे चित्र) प्रत्यक्ष डोपामिन दाखवत नाही, तर सोडलेले डोपामिन पुन्हा पेशीत ओढून घेणारी, त्या टोकांवरची प्रथिने दाखवतो. त्यामुळे सेगावा आजारात मेंदूच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविरामाच्या आकाराचे ठळक ठिपके दिसतात, तर पार्किनमध्ये स्वल्पविरामाची शेपटी, म्हणजे मेंदूच्या खोलातील प्युटॅमेन हा भाग, पुसट होत जाऊन गोल ठिपका तेवढा उरतो.

एफ-डोपा पेट स्कॅनही (किरणोत्सारी डोपा टोचून काढलेले मेंदूचे चित्र) सेगावा आजारात सर्वसाधारण येतो, कारण टोचलेला पदार्थ डोपामिनच्या साखळीत अडलेल्या टप्प्याच्या पुढूनच शिरतो. त्यातील फ्लोरिन-१८ सुमारे ११० मिनिटांत निम्मे होते, म्हणून ते जवळच्या सायक्लोट्रॉनमध्येच (किरणोत्सारी द्रव्ये बनवणाऱ्या यंत्रात) बनवावे लागते; देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्येच सुरू झाला. ट्रोडॅटमधील टेक्नेशियमला निम्मे व्हायला सहा तास लागतात, त्यामुळे ती तपासणी अधिक ठिकाणी होऊ शकते.

स्कॅन जनुकाचे नाव सांगत नाही. ते रक्ताच्या तपासणीतूनच कळते. पार्किनचा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, म्हणून मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत हा प्रश्न आवर्जून विचारावा. सेगावासाठी एकाच पालकाकडून आलेला दोष पुरतो, आणि तो पालक स्वतः ठणठणीत असू शकतो. सेगावात लेव्होडोपाची अल्प मात्रा वर्षानुवर्षे पुरते. पार्किनमध्ये याच गोळीमुळे अनावर हालचाली लवकर सुरू होऊ शकतात. सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेने येणाऱ्या हालचालींच्या दोषाचा) शिक्का बसलेल्या, पण संध्याकाळी अधिक बिघडणाऱ्या मुलाला ही गोळी देऊन पाहिलीच पाहिजे, स्कॅनची तारीख मिळालेली असो वा नसो.