दोन नरसाळी आणि चार मिलिसेकंद

नागपूरच्या इतवारीतल्या लोहाओळीतून आणलेला एक मिलिमीटरचा लोखंडी पत्रा, पत्र्याची कात्री आणि गॅस वेल्डिंग. यामाहा आरएक्स-100 या टू-स्ट्रोक मोटारसायकलचा एक्झॉस्ट (धूर बाहेर टाकणारा) पाइप घरी करायला एवढं सामान पुरतं. अवघड काम त्याआधी कागदावर असतं. पहिल्या पाइपच्या वेळी मी तेच टाळलं. आवाज कान फाटेल इतका झाला, पण गाडी आधीपेक्षा मंद.

टू-स्ट्रोकच्या एक्झॉस्टला झडप नसते. सिलिंडरच्या भिंतीत खिडकी असते, तिलाच पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली गेला की ती उघडते, वर आला की मिटते. पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत यायची वाट आधी बंद होते, एक्झॉस्टची नंतर. तेवढ्यात बरंचसं पेट्रोल न जळताच बाहेर पळतं. ते अडवायचं कसं?

मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारीत उभं राहून बघा. बोळातली गर्दी चौकात आली की पसरते. पुढे जागा झाली की मागचे सरकतात, मग त्यांच्या मागचे. माणसं पुढे जातात, पण ‘मोकळी जागा’ बोळात मागे मागे जाते. पुढे रस्ता अरुंद झाला की रेटाही तसाच मागे येतो. पाइपातला दाब असाच वागतो. पाइपात एकापुढे एक दोन नरसाळी असतात. पहिलं रुंदावत जातं, तिथून ओढ परत येते आणि जळका वायू उपसून काढते. थोडं ताजं मिश्रणही सोबत पाइपात येतं. दुसरं नरसाळं निमुळतं होतं, तिथून धक्का परततो आणि ते मिश्रण पोर्ट मिटता मिटता पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबतो.

सगळा खेळ वेळेचा. आरएक्स-100 ची पूर्ण ताकद 7500 आरपीएमला (मिनिटाला 7500 फेऱ्यांना) मिळते. म्हणजे एका फेऱ्याला 8 मिलिसेकंद. पोर्ट साधारण अर्धा फेरा उघडं धरलं, तर 4. तापलेल्या वायूत दाबाची लाट सेकंदाला सुमारे 500 मीटर धावते, तेव्हा जाऊन-येऊन 2 मीटर. म्हणून पिस्टनपासून दुसऱ्या नरसाळ्याच्या मध्यापर्यंत सुमारे 1 मीटर हवा, तोही वळणांच्या मधल्या रेषेवर मोजलेला. 9000 आरपीएमसाठी हाच हिशेब 83 सेंटिमीटरवर येतो. ठरलेल्या आरपीएमच्या बऱ्याच खाली लाट फार लवकर परतते आणि जोर मिळत नाही. या गाड्या एकदम ‘उचलतात’ त्या त्यामुळेच.

हे तंत्र पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटारसायकल कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी पक्कं केलं. 1961 पर्यंत त्यांच्या 125 सीसी इंजिनातून 25 अश्वशक्ती निघू लागली, म्हणजे लिटरमागे 200. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर देश सोडून सुझुकीकडे गेला आणि 1962 मध्ये 50 सीसीचा विश्वविजेता झाला. मला मात्र अभिमान वाटतो तो काडेन यांचा.

आता पत्रा. एका टोकाला 40, दुसऱ्या टोकाला 80 मिलिमीटर व्यास आणि तिरपी लांबी 200 असलेलं नरसाळं हवं असेल, तर एकाच केंद्रातून 200 आणि 400 मिलिमीटर त्रिज्येचे कंस काढा, 36 अंशांची फाक कापा आणि गोल वळवा. आधी पुठ्ठ्यावर करून बघा. वेल्डिंगचा थेंब आत लोंबू देऊ नका.

दुसऱ्या नरसाळ्यापुढची शेवटची बारीक नळी सगळ्यात नाजूक. माझ्या दुसऱ्या पाइपात ती अरुंद झाली, उष्णता कोंडली आणि पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला. तिसऱ्यात नळी मोठी ठेवली, पुढे सायलेन्सर जोडला. असा पाइप रस्त्यावर लावणं कायद्यात बसत नाही, म्हणून ती गाडी आता फक्त मैदानावर धावते.