मिखाइलो क्रावचुक यांचे नाणे (युक्रेन, २०१२)

युक्रेनच्या राष्ट्रीय बँकेने गणितज्ञ मिखाइलो क्रावचुक (१८९२–१९४२) यांच्या जन्माला १२० वर्षे झाली तेव्हा काढलेले २ ह्रिव्न्या दर्शनी मूल्याचे स्मारक नाणे. ते ‘युक्रेनमधील थोर व्यक्ती’ या मालिकेतले आहे. मालिकेत कवी, संगीतकार आणि सेनानी आहेतच, पण वैज्ञानिकांचाही मोठा भरणा आहे: ओस्त्रोहरादस्की (२००१), वेर्नाद्स्की (२००३), वोरोनी आणि लान्दाउ (दोघेही २००८), पुल्युई (२०१०).

नाण्याचा व्यास ३१ मिमी आणि वजन १२.८ ग्रॅम. आपले दहा रुपयांचे नाणे २७ मिमीचे असते, त्याहून हे चांगलेच मोठे. चमक चांदीसारखी असली तरी धातू जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात चांदी अजिबात नाही. कायद्याने हे चलन आहे, मात्र दर्शनी मूल्याहून जास्त किमतीला विकले जात असल्याने ते थेट संग्राहकांकडे जाते.

व्होलिन प्रांतातल्या चोव्हनित्सिया गावी जन्मलेले क्रावचुक १९१४ मध्ये कीव्ह विद्यापीठातून पदवीधर झाले. पुढे त्यांनी युक्रेनियन भाषेत गणित शिकवले आणि त्यासाठी लागणारी परिभाषा घडवण्याच्या कामात पुढाकार घेतला. १९२९ मध्ये ते युक्रेनच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांनी मांडलेल्या बहुपदी आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. नाणेफेकीसारख्या ‘हे किंवा ते’ प्रकारच्या प्रयोगांचे गणित म्हणजे द्विपद वितरण. या बहुपदी त्याच्याशी जोडलेल्या आहेत. संदेश पाठवताना शिरलेल्या चुका ओळखून दुरुस्त करणाऱ्या संकेतांच्या सिद्धांतात त्या पुढे फार उपयोगी पडल्या. ते पाहायला मात्र क्रावचुक हयात नव्हते.

युक्रेन तेव्हा सोव्हिएत संघात होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये सोव्हिएत राजवटीने त्यांना अटक केली. ‘राष्ट्रवादी’ आणि हेर असल्याचे आरोप ठेवून वीस वर्षांची शिक्षा झाली, रवानगी झाली सायबेरियाच्या पूर्व टोकाच्या कोलिमा इथल्या कैद्यांच्या श्रमछावण्यांत. मार्च १९४२ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. १९५६ मध्ये त्यांना निर्दोष ठरवण्यात आले, पण अकादमीचे सदस्यत्व परत मिळायला १९९२ उजाडले, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरच. हा इतिहास ठाऊक असला की नाण्याचे मोल धातूवरून ठरवता येत नाही. ज्या माणसाचे नाव पुसण्यात सरकारी यंत्रणेने इतकी ताकद लावली, त्याचे नाव त्याच्या देशाच्या मध्यवर्ती बँकेने चलनावर कोरले, ही गोष्ट साधी नव्हे.

याच मालिकेत २००७ मध्ये रॉकेट-अभियंता सेरही कोरोल्योव्ह यांचेही नाणे निघाले. ते झितोमिरचे, आणि कीव्हच्या पॉलिटेक्निकमध्ये क्रावचुक यांचे विद्यार्थी. त्यांनाही १९३८ मध्येच अटक झाली आणि तेही कोलिमाला पोचले. फरक इतकाच, की ते जिवंत परतले आणि पुढे त्यांच्याच रॉकेटने पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात गेला. संग्रहात ही दोन नाणी शेजारी शेजारी ठेवावीत. गुरुशिष्यांची अशी जोडी नाणेसंग्रहात क्वचितच जुळते.

नाणे हाताळताना कडेने धरावे, कारण बोटांचे ठसे पृष्ठभागावर कायमचे उमटतात. पॉलिश करणे तर टाळावेच: घासल्याने मूळ पोत जातो, आणि त्याबरोबर संग्राहकांच्या बाजारातली किंमतही.