दर किती वेळाने सेव्ह करायचं?

सरासरी तीन वर्षांतून एकदाच बंद पडणारा संगणक तसा भरवशाचाच म्हणायचा. पण असे हजार संगणक एकाच गणितावर राबत असतील, तर त्यांतला कुठला ना कुठला साधारण रोज मान टाकतो, आणि बहुतेकदा एक थांबला की सगळ्यांचंच काम अडतं. मेटा कंपनी १६,३८४ जीपीयूंवर (एकाच वेळी ढीगभर आकडेमोड करणाऱ्या चिपांवर) लामा ३ हे भाषा मॉडेल शिकवत होती, तेव्हा ५४ दिवसांत ४१९ वेळा काम अचानक थांबलं. म्हणजे दर तीन तासांनी एकदा!

यावर उपाय म्हणजे झालेलं काम मधून मधून सेव्ह करणं, म्हणजे बिघाडानंतर शेवटच्या सेव्हपासून पुढे सुरू करता येतं. पण किती वेळाने?

समजा, सेव्ह करायला ५ मिनिटं लागतात आणि बिघाड दिवसातून एकदा होतो. दर तासाला सेव्ह केलं, तर दिवसाची १२० मिनिटं त्यातच जातात. वर बिघाड होईल तेव्हा सरासरी अर्ध्या तासाचं काम बुडतं. एकूण १५० मिनिटं. दर चार तासांनी केलं, तर सेव्हची ३० आणि बुडालेली १२०. पुन्हा १५०च. दर दोन तासांनी मात्र ६० आणि ६०, म्हणजे १२०. दोन्ही खर्च जिथे बरोबरीला येतात, तिथेच फटका सर्वांत कमी. १९७४ मध्ये जॉन यंग यांनी याचं सूत्र मांडलं: सेव्हचा वेळ गुणिले एका बिघाडापासून पुढच्या बिघाडापर्यंतचा सरासरी वेळ, त्याची दुप्पट, त्याचं वर्गमूळ. मला यातलं वर्गमूळ फार आवडतं. बिघाड चौपट झाले, तरी सेव्ह दुपटीनेच वाढवावं लागतं.

बंद पडणारं यंत्र निदान आपण बंद पडलोय हे कळू तरी देतं. खरा घात करतं ते चालू राहून चुकणारं. वैश्विक किरणांमुळे आलेला एखादा कण मेमरीतल्या ० चा १ करून जातो, कुणाला पत्ता लागत नाही, आणि पुढचं सेव्ह चुकलेल्या आकड्यांचंच होतं.

म्हणून सेव्हच्या आधी तपासणी हवी. मोठ्या कोष्टकांचा गुणाकार असेल, तर ओळींच्या आणि स्तंभांच्या बेरजा सोबतच वागवतात. शेवटी जी ओळ आणि जो स्तंभ जुळत नाही, ते जिथे छेदतात तिथला आकडा बिघडलेला. तो तिथल्या तिथे दुरुस्तही करता येतो. अशी सोय नसेल, तर चूक तपासणीलाच उघड होते आणि अर्धा नव्हे, दोन सेव्हमधला सगळा वेळ वाया जातो. तेव्हा तपासणी स्वस्त असली, तर ती सेव्हची वाट न बघता मध्येच दोन-चारदा उरकून घेतलेली बरी.