नाताळची सजावट आणि भेटी: घरातल्या, शेतातल्या आणि रद्दीतल्या सामानातून
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डिसेंबर लागला की आमच्या छापखान्यात लग्नपत्रिकांच्या गर्दीतच नाताळची मंडळीही येऊ लागतात. जालना शहरातून, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या बेथेलमधून, आजूबाजूच्या खेड्यांतून लोक येतात आणि रंगीत कार्डशीट, सोनेरी कागद, चमकी मागतात. आमचा धंदा कागद विकण्याचा आहे, तरी आम्ही मनापासून सांगतो: विकत घेण्याआधी घरात आणि शेतात काय पडलंय ते बघा. दिवाळी होऊन महिना-दीड महिना झालेला असतो, कापसाच्या वेचण्या उरकत आलेल्या असतात, वर्षाचं कॅलेंडर संपायला आलेलं असतं. सजावटीचं निम्मंअधिक सामान एवढ्यातच निघतं. त्यातलं काय कशाला चालतं आणि कागद कसा हाताळायचा, ते या पत्रकात दिलं आहे.

आधी काय जमवायचं

जुन्या लग्नपत्रिका पहिल्या. त्यांचा कागद जाड असतो, एका बाजूला सोनेरी छपाई किंवा उठावाची नक्षी असते आणि पाकीट तर बहुतेक वेळा कोरंच. फॉइल किंवा लॅमिनेशन असलेला कागद रद्दीवाल्यालाही नको असतो, कारण लगदा करताना तो नीट विरघळत नाही. म्हणून आमच्या मते पत्रिकेला सजावटीइतका चांगला दुसरा उपयोग नाही. पत्रिकेवर गणपतीचं किंवा कुलदैवताचं चित्र असतं. त्याला कात्री लावू नका. तो भाग अलगद वेगळा काढून ज्यांची पत्रिका त्यांना द्या किंवा जपून ठेवा, आणि उरलेला कागद वापरा.

दुसरं म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं. तिसरं, दिवाळीतला आकाशकंदील: कागद फाटला असला तरी सांगाडा शाबूत असतो. एलईडीची माळ, उरलेल्या पणत्या, मिठाईचे खोके, चपलांच्या डब्यांचा पुठ्ठा, शिंप्याकडची कात्रणं, बारदान, सुतळी हेही एका पोत्यात भरून ठेवा.

कागदाची रेघ ओळखा

घडी वाकडी येते, कडेला चिरा पडतात, तारा एका अंगाने झुकतो, अशी तक्रार ग्राहक नेहमी करतात. दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो. लाकडाला जशी रेघ असते तशी कागदालाही असते, कारण गिरणीत कागद तयार होताना तंतू एकाच दिशेने लोळतात. रेघेच्या दिशेने घडी घातली तर ती सरळ बसते. आडवी घातली तर जाड कागद मोडतो.

ओळखायची रीत सोपी आहे. कागदाचा छोटा चौकोन कापा आणि त्याची वरची अख्खी बाजू पाण्याच्या बोटाने ओली करा. कागद लगेच गोल वळू लागेल. जी नळी तयार होते, तिची लांबी ज्या दिशेला, त्या दिशेला रेघ. पत्रिकेच्या जाड कागदावर आधी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलीने रेघ दाबून घ्या आणि मगच घडी घाला. आमच्याकडे याला क्रीझिंग म्हणतात. घरी रिफिलीने तेच काम होतं.

दारावरचा तारा

मत्तयाच्या शुभवर्तमानातला तारा मागी लोकांना, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना, बेथलेहेमपर्यंत घेऊन गेला, म्हणून नाताळात दारावर तारा हवाच. बाजारातला प्लॅस्टिकचा तारा एका उन्हाळ्यात पिवळा पडतो. आम्ही तुराटीचा, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा, तारा सुचवतो. मागच्या हंगामातल्या तुराट्या कुडाला, झापाला वापरून उरलेल्या असतात. त्या हलक्या असतात, सरळ असतात आणि थोड्या लवतात. फार वाळलेल्या असतील तर रात्रभर पाण्यात ठेवा.

बोटाएवढ्या जाडीच्या दहा तुराट्या प्रत्येकी ६० सेंमी लांब कापा. प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंमीवर खूण करा. आता पाच काड्या जमिनीवर पंचकोनी ताऱ्यासारख्या मांडा: एका टोकापासून निघायचं, शेजारचं टोक सोडून त्याच्या पुढच्या टोकाला जायचं, असं करत पुन्हा पहिल्या टोकाला यायचं. काड्या एकमेकींना बरोबर खुणांवर छेदल्या तर तारा सम आला असं समजा. खात्री करायची असेल तर शेजारच्या दोन टोकांमधलं अंतर मोजा, ते ३७ सेंमीच्या आसपास भरलं पाहिजे. टोकं आणि छेद सुतळीने घट्ट बांधा. उरलेल्या पाच काड्यांचा असाच दुसरा तारा करा.

दोन्ही तारे एकमेकांवर ठेवून फक्त पाच टोकं बांधा. मग आतल्या पाच छेदांच्या जागी, दोन ताऱ्यांच्या मध्ये, १२ सेंमीची एकेक आडकाडी सरकवून बांधा. सांगाडा मध्यभागी फुगतो आणि टोकांकडे निमुळता होतो. इथे घाई केली तर काडी चिरते, म्हणून पाचही आडकाड्या आधी सैल बसवा आणि नंतर एकेक करून आवळा.

वरून पतंगाचे ताव चिकटवायचे. संक्रांत जवळ असल्याने ते बाजारात आलेलेच असतात आणि या आकाराला चार-पाच ताव पुरतात. मागचा मधला पंचकोन उघडा ठेवा, तिथून बल्ब आत जातो आणि उष्णताही बाहेर पडते. बल्ब एलईडीचाच लावा. जुना झिरोचा बल्ब नाव झिरोचं असलं तरी साधारण १५ वॅट वीज खातो आणि तापतो. कागदाच्या ताऱ्यात तो लावू नका. मेणबत्ती तर मुळीच नको.

दिवाळीच्या कंदिलाचा सांगाडा चांगला असेल तर एवढाही खटाटोप नको. जुना कागद ओल्या फडक्याने भिजवून काढा, नवा पांढरा किंवा लाल ताव लावा आणि चारी अंगांना पत्रिकेचे छोटे तारे चिकटवा.

हे छोटे तारे असे करा. कर्कटकाने १० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, मग कर्कटक ११.८ सेंमी उघडून वर्तुळावर पाच खुणा करा. एक खूण सोडून एक खूण अशा रेघा जोडल्या की तारा तयार. तो कापा. मध्यापासून पाच टोकांकडे जाणाऱ्या घड्या वर उचला, मध्यापासून पाच खाचांकडे जाणाऱ्या आत दाबा. सपाट पत्रिकेला उठाव येतो आणि सोनेरी नक्षीवर उजेड तिरपा पडून चमकतो. खिडकीत टांगायला यापेक्षा लहान, ४-५ सेंमी त्रिज्येचे करा.

झाड: सुरूची फांदी तोडू नका

आपल्याकडे नाताळच्या झाडासाठी सुरूची फांदी तोडायची पद्धत पडली आहे. आम्हाला ती पटत नाही, कारण पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं वाळलेलं झाड, त्याहून देखणी दिसते. वेचणी झालेल्या शेतातून एक भरगच्च फांद्यांची पऱ्हाटी मुळासकट उपटून आणा. तेलाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून ती उभी करा, डब्याला बारदान गुंडाळा. फांद्यांवर उघडलेल्या बोंडांची टरफलं असतात, ती दूरून लाकडी फुलांसारखी दिसतात. चुन्याचा पातळ हात फिरवला की झाड पांढरं होतं. एखाद्या बोंडात उरलेला कापूस तसाच राहू द्या.

एक काळजी मात्र घ्या. टरफलाला बारीक गोल भोक असेल किंवा दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर त्या बोंडात गुलाबी बोंडअळी असण्याची शक्यता असते. ती अळी सरकीत आणि उरलेल्या बोंडांत दडून पुढच्या हंगामापर्यंत राहते, म्हणूनच कृषी विभाग फरदड घेऊ नका (म्हणजे वेचणीनंतर तेच पीक पुढे राखू नका) आणि पऱ्हाट्या शेतात ठेवू नका असं सांगतो. अशी बोंडं तिथेच काढून जाळा. चांगली पऱ्हाटी दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवून मगच घरात आणा, आणि सण झाल्यावर अंगणात पडू न देता चुलीत घाला.

गव्हाणी

येशूला जन्मल्यावर गव्हाणीत ठेवलं, हे लूकच्या शुभवर्तमानात आहे. बैल आणि गाढव तिथे नाहीत, ते परंपरेने नंतर आले. इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली खऱ्या जनावरांसह गव्हाणीचा देखावा मांडला, आणि पुढे ही रीत सगळीकडे पसरली. मराठवाड्यातल्या घरात यासाठी काही विकत आणावं लागत नाही. पोळ्याचे मातीचे बैल फडताळात असतातच. चपलांच्या खोक्याची एक बाजू कापून गोठा करा, वर कडब्याचं छप्पर घाला, खाली भुसा पसरा आणि ते बैल तिथे बांधा. माणसं शिंप्याच्या कात्रणांची आणि ज्वारीच्या भेंडाची, म्हणजे ताटाच्या आतल्या मऊ गराची, करता येतात. भेंडाच्या गाड्या ज्यांनी लहानपणी केल्या, त्या आजोबांना हे काम द्या.

चिकटवायला खळ

कागदाला कागद चिकटवायला फेविकॉलपेक्षा खळ स्वस्त पडते. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. चार वाट्या पाणी उकळायला ठेवा, त्यात हे कालवण ओता आणि ढवळत राहा. पांढरटपणा जाऊन ते पारदर्शक दिसू लागलं की उतरवा. चिमूटभर तुरटीची पूड घातली तर खळ दोन-तीन दिवस टिकते. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे, घरात मुलांच्या हाती देण्याच्या खळीत तो घालू नका. काड्या आणि पुठ्ठा बांधायला खळ पुरत नाही, तिथे सुतळी किंवा फेविकॉल लागेल.

शुभेच्छापत्रं आणि भेटी

नाताळचं पहिलं छापील शुभेच्छापत्र लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी करवून घेतलं. चित्र जॉन कॅलकॉट हॉर्सली यांचं होतं आणि एका कार्डाची किंमत एक शिलिंग, म्हणजे साध्या माणसाला न परवडणारी. आजही हाताने केलेलं पत्र स्वस्त पडतं आणि जास्त जपलं जातं. लग्नपत्रिकेचं कोरं पाकीट उलटं करून पुन्हा चिकटवा, आत कॅलेंडरच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी स्वतःच्या अक्षरात लिहा.

भेट म्हणून आम्हाला सगळ्यात आवडते ती घरी शिवलेली वही. एका बाजूने कोरे राहिलेले ए-फोर कागद छापील बाजू आत घालून दुमडा. असे दुमडलेले आठ कागद एकात एक घाला. बाहेरून पत्रिकेचं किंवा कॅलेंडरचं आवरण. घडीवर तीन भोकं पाडा: एक मधोमध, दोन कडांपासून तीन बोटं आत. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत या, मधलं भोक सोडून खालच्या भोकातून बाहेर जा, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत या. आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याची दोन टोकं येतील, ती त्या टाक्यावर गाठ मारून बांधा. दोरा गोधडीचा जाड घ्या. शाळेतल्या मुलांना हे एकदा दाखवलं की जमतं.

ज्या घरात तान्हं बाळ आहे, तिथे आईच्या किंवा आजीच्या मऊ पडलेल्या लुगड्याचं दुपटं द्या. यावर आम्ही काही शिकवायची गरज नाही, आपल्या घरातल्या बायकांच्या हातात ते आहेच.

नाताळचा फराळ शेजारीपाजारी देताना करंज्या, चिवडा वर्तमानपत्रात बांधू नका. छपाईच्या शाईतली रसायनं तेलकट पदार्थात उतरतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ सालीच तसं बजावलं आहे. आम्ही रोज शाईत हात घालणारे लोक आहोत, म्हणून हे ठासून सांगतो. आत बटर पेपर किंवा केळीचं पान घाला. वरून वर्तमानपत्राची पिशवी असली तर हरकत नाही.

काय मागू नका

थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. आम्ही थर्माकोल ठेवत नाही. चमकीची पूडही आता ठेवत नाही, कारण ती बहुतेक प्लॅस्टिकची असते आणि झाडलोट करूनही मातीत राहते. तिच्याऐवजी पत्रिकेच्या फॉइलचे बारीक तुकडे लावा. जुन्या फ्लेक्सचे तारे करू नका आणि फ्लेक्स जाळू तर अजिबात नका, त्याचा धूर विषारी असतो.

आमच्याकडे काय मिळेल

कटिंग मशीनवर निघणाऱ्या रंगीत कागदाच्या आणि कार्डशीटच्या पट्ट्या आम्ही डिसेंबरभर किलोच्या भावात देतो. शाळा, तरुण मंडळ, चर्चचा युवक संघ किंवा रविवारच्या शाळेसाठी पिशवीभर पट्ट्या फुकट नेता येतील, फक्त आदल्या दिवशी सांगा. तुमच्या पत्रिका आणल्या तर ताऱ्यांसाठी चौकोनी कटिंग आणि क्रीझिंग करून देऊ, त्याचे फक्त मजुरीचे पैसे घेऊ. जाड पुठ्ठा घरच्या कात्रीने कापण्याच्या भानगडीत पडू नका, खुणा करून आणा, मशीनवर एका दाबात होतं. दुपारी बारा ते चार या वेळात मशीन थोडं मोकळं असतं. २० डिसेंबरनंतर लग्नपत्रिकांचं काम वाढतं, म्हणून कटिंगचं सामान त्याआधी आणलंत तर त्याच दिवशी परत मिळेल.